लक्ष देऊन केलेली आंघोळ

मागच्या हिवाळ्यात मी लखनौमध्ये लक्ष द्यायला शिकत होतो. एका वेळी एकच काम, तेही मन लावून, अंगातली शक्ती जपून. आणि मी हे शिकत होतो त्याच दिवसांत, बैठकीच्या खोलीला लागून असलेल्या आमच्या बाथरूममध्ये, बाबा रोज सकाळी थोडे थोडे मरत होते. माझं लक्ष नव्हतं असं नाही. भरपूर होतं. पण ते दुसरीकडे होतं.

आधी स्कूटरचं सांगतो. ते सांगताना मला अजून हसू येतं, पुढचं सांगताना येत नाही.

मी गोमती नगरातल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करतो. हात कामात, डोळे फोनमध्ये आणि मन तिसऱ्याच ठिकाणी, अशी माझी त्या काळात वाटणी झाली होती. एका संध्याकाळी घरी येताना रस्त्यात मटारची गाडी दिसली. स्कूटर लावली, फोन बघत बघत मटार घेतले, समोर ई-रिक्षा थांबली होती तिच्यात बसलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरतो तर स्कूटर नाही. मी वॉचमनला झापलं. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंना बाहेर बोलावून कॉलनीत चोऱ्या किती वाढल्यात त्यावर व्याख्यान दिलं. पोलीस चौकीत काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात वरून बाल्कनीतून बायकोने विचारलं, "अहो, काल मटार कुठून आणले?"

मटारवाल्याने स्कूटरवर दवापासून वाचवायला ताडपत्री घातली होती. वर मुळ्याच्या दोन जुड्या ठेवल्या होत्या. "हमने सोचा भाईसाहब हमारे हवाले कर गए हैं," तो म्हणाला.

ही गोष्ट मी ऑफिसात सांगितली. आपल्या फजितीच्या गोष्टी आपणच आधी सांगाव्यात, म्हणजे दुसरे त्यात मीठमसाला घालत नाहीत, हे माझं धोरण. पण साहेबांनी ती जरा जास्तच मनावर घेतली आणि ऑफिसने लक्ष, मन वगैरेंवर जे एक शिबिर ठेवलं होतं त्यात माझं नाव सगळ्यांत वर घातलं. शिकवणारे गृहस्थ फार हळू बोलायचे. इतकं हळू की ऐकण्यातच निम्मी शक्ती संपायची. ते म्हणाले की माणसाची शक्ती सकाळी भरलेल्या घागरीसारखी असते आणि आपण ती भोकं पाडून गळू देतो. सकाळी उठल्याबरोबर फोन नको. जे कराल ते सावकाश. चहा पिताना चहा, आंघोळ करताना आंघोळ. मनात विचार आला तर त्याच्याशी भांडू नका, त्याला नुसतं बघा आणि जाऊ द्या.

यात चुकीचं काहीच नव्हतं. चूक होती ती मला शिकवण्यात. आमच्याकडे सांगली भागात एक जात असते माणसांची, गूळ गोड लागला की ढेपच तोंडात घालणारी. मी त्यातला.

घरी येऊन मी नियम लावले. सगळ्यांचे फोन न्याहारीपर्यंत पोळ्यांच्या डब्यात. सकाळचा पहिला तास मौन. प्रत्येकाने आपलं काम सावकाश आणि लक्ष देऊन करायचं. आणि कोणी आपलं काम करत असेल तर दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही, हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही.

"आणि पोळ्या कुठे ठेवू?" बायको म्हणाली. ती बँकेत आहे, तिला वस्तू जागच्या जागी लागतात. "तुमच्या खिशात?"

"पापा, ये घर है कि आश्रम?" मुलगी म्हणाली. ती नववीत आहे. तिला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर हिंदीत देते.

बाबा मात्र एकेका नियमाला मान डोलावत होते. ते दिवाळीनंतर सांगलीहून आमच्याकडे थंडी काढायला आले होते. आई गेल्यापासून ते तिकडे एकटेच राहतात. त्यांचं सगळं आयुष्य हळदीच्या पेठेत एका अडत दुकानावर दिवाणजी म्हणून गेलं. मनातल्या मनात हिशेब करणारी ती शेवटची पिढी. आंघोळ करताना देवाचं नाव घेण्याऐवजी ते पाढे म्हणायचे, आणि तेही आपल्याला येतात ते नव्हेत. पावकी, निमकी, दिडकी, मग शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. "डोक्याला तेल देतोय," असं म्हणायचे. नियमांचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मौनात पाढे चालतील का?"

"आंघोळीत चालतील, बाबा."

"मग हरकत नाही. बाकी तसंही इथं मी कुणाशी बोलतोय?"

मग थंडी आली. सांगलीच्या माणसाला थंडी म्हणजे पहाटे चादर ओढून घेण्यापुरती माहीत असते. लखनौला ती घरात येऊन राहते. धुकं बाल्कनीच्या गजांना लटकून असतं, फरशीवर पाय टेकवत नाहीत, आणि दुपारपर्यंत सूर्य असतो की नाही हे कोणी खात्रीने सांगत नाही. बाबा मफलर, कानटोपी, दोन स्वेटर अशा थरांत नाहीसे झाले. आंघोळीला जाताना ते काकुळतीला यायचे. कारण आमच्या बाथरूमला वर एक रोशनदान होतं, जाळीची लहानशी खिडकी, आणि तिच्यातून बर्फासारखा वारा नेमका उघड्या पाठीवर पडायचा.

एका रविवारी मी ते रोशनदान बंद केलं. थर्माकोलचा तुकडा मापात कापला, बसवला, चारही कडांना पॅकिंगची तपकिरी टेप लावली, एकावर एक थर देऊन. कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून दाबून. नियम लागू झाल्यानंतर मी संपूर्ण लक्ष देऊन केलेलं हे पहिलं काम. खरं सांगायचं तर इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. शेवटी उदबत्ती लावून कडेकडेने फिरवली. धूर सरळ वर गेला. वारा येत नव्हता, जात नव्हता. मी बाबांना बोलावून दाखवलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या रोशनदानाच्या बरोबर खाली गॅसचा गीझर होता.

आता इथे वाचणारा म्हणेल, अहो, एवढं कसं कळत नाही? मलाही तेच वाटतं. शिवाय मला सांगितलेलं होतं. घर भाड्याने घेतलं तेव्हा घरमालकीणबाई एकेक खोली दाखवत होत्या आणि बाथरूमच्या दारात उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "भाईसाहब, रोशनदान कभी बंद मत कीजिएगा, गैस वाला गीज़र है।" मी "जी, जी" म्हटलं. माझा अंगठा तेव्हा फोनवर काहीतरी वर सरकवत होता. ते काय होतं ते मला आठवत नाही. बाईंचं वाक्य मात्र आता शब्द न् शब्द आठवतं. म्हणजे ते कानातून आत गेलं होतं, फक्त कोणी दार उघडायला नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे आमचा बंब. सांगलीला आमच्याकडे पाणी तापायचं ते परसातल्या तांब्याच्या बंबात. लाकडं, गोवऱ्या, डोळ्यांत जाणारा धूर, पाण्याला येणारा जळका वास. विस्तव म्हटला की धूर आणि धूर असला की सावध, एवढंच आम्हाला लहानपणापासून ठाऊक. इथे भिंतीवर पांढरी पेटी, तिच्या पोटात निळी फुलं फुललेली, ना वास ना काजळी. बाबांनी पहिल्याच दिवशी तिला खालून वर न्याहाळलं होतं. "धूर नाही, राख नाही," ते म्हणाले होते. "गुणी आहे."

बायको आणि मुलगी आतल्या बाथरूममध्ये विजेची कांडी घातलेल्या बादलीवर भागवायच्या. दोन तांबे घेतले न घेतले की बाहेर. गीझरचं सुख आम्हा बापलेकांचं होतं. आधी मी जायचो. प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचो, नळ बारीक सोडायचो, डोळे मिटायचो आणि आंघोळ करताना आंघोळ करायचो. पाणी खांद्यावरून कसं उतरतं ते बघायचं. वाफ नाकात कशी शिरते ते बघायचं. खोली हळूहळू अशी उबायची की बाहेरचं लखनौ विसरायला व्हावं. माझं झालं की बाबा यायचे. "तू जा आधी," ते म्हणायचे, "तुझ्यामुळं बाथरूम छान गरम होतं."

पहिल्या काही दिवसांतच मला फरक जाणवू लागला. डोकं जड व्हायचं, पण शांत. कानशिलं मंद ठणकायची. विचार यायचेच बंद झाले. जन्मभर माझ्या डोक्यात भाजी मंडई भरलेली असते, आणि आता तिथे शटर पडलं होतं. एकदा तांब्या उचलायला हात पुढे केला आणि हात तिथे पोहोचायला बराच वेळ लागला. मी तो प्रवास कौतुकाने पाहिला. मला वाटलं, जमलं. हीच ती सावकाशी. मी शिबिरातल्या गृहस्थांना तसा निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "अच्छे संकेत हैं।" खाली जोडलेले हात. बिचाऱ्यांना काय माहीत मी ध्यान कुठे बसून करतोय.

ऑफिसात मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचो आणि लोक म्हणायचे, सर किती शांत झालेत.

बाबांचं मात्र वेगळंच सुरू झालं. आंघोळीहून आले की ते दारात उभे राहायचे, कुठे जायचं ते आठवत नसल्यासारखे. बनियन उलटं. एकदा स्वेटरच्या बाहीत पाय घालू पाहत होते. मुलीला त्यांनी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली आणि आत्या लहान असताना तिला विहिरीवर जाऊ नको म्हणून जशी दटावणी देत तशी दिली. न्याहारीला पोहे समोर असताना म्हणाले, "मला भूक नाही, मळमळतंय." आणि पाढे. दिडकी धडपणे यायची, पण औटकीत ते अडखळायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे आणि पुन्हा त्याच आसपास अडखळायचे. मी बाहेर मौनात बसलेला, कान त्यांच्याकडे. ऐकायचो सगळं. फोन नसल्यामुळे तेवढं तरी ऐकू येत होतं.

दुपारी ऊन पडलं तर बाल्कनीत बसून ते पुन्हा आपले ते व्हायचे. संध्याकाळी रमीत आम्हा तिघांना हरवायचे. रात्रीच्या जेवणाला वरणात हिंग कमी पडलंय हे त्यांना वासावरून कळायचं. आणि सकाळी पुन्हा तो दारातला माणूस.

मी निष्कर्ष काढला. मी विमा कंपनीत आहे, निष्कर्ष काढणं हा माझा धंदाच. बाबांना विस्मरणाचा आजार सुरू झालाय. बायकोला मी हे खालच्या आवाजात सांगितलं. आता यांना सांगलीला एकटं ठेवता येणार नाही. घर भाड्याने द्यायचं बघू. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतो.

"पण आंघोळीनंतरच कसं होतं हो?" ती म्हणाली.

"थंडी. गरम पाण्यातून एकदम थंडीत येतात ना."

"मग तुम्हाला का नाही होत?"

"मी लक्ष देऊन करतो आंघोळ," मी म्हणालो. हे मी खरोखर म्हणालो होतो. बायकोला आजही पाहुण्यांसमोर हे वाक्य म्हणून दाखवायला आवडतं. फरक इतकाच की ते म्हणताना तीही हसत नाही.

बाबांच्या कानावर हे गेलंच. फ्लॅटमध्ये भिंती नावापुरत्या असतात. ते चिडले नाहीत. मफलर सारखा करत म्हणाले, "माझं डोकं सकाळी चालत नाही, संध्याकाळी चालतं. दुकान उशिरा उघडलं म्हणून दिवाळं निघालं असं म्हणतात का कुणी?" आणि जरा थांबून, "घर भाड्यानं देऊ नकोस. मी आहे अजून." त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. एवढा मोठा माणूस आपल्याच डोक्याला घाबरला होता आणि ती भीती मी त्यांना दिली होती. खरी भीती कशाची धरायला हवी होती ती आमच्या डोक्यावर, टेप लावून पक्की बसवलेली होती.

त्या दिवशी धुकं असं होतं की समोरची इमारत नव्हतीच. थंडीमुळे शाळा बंद होती. मुलगी रजईत. माझी आंघोळ नेहमीपेक्षा लांबली होती, कारण उठवतच नव्हतं. शेवटी भिंतीला धरून बाहेर आलो आणि चहा घेऊन बसलो. बाबा आत गेले. दाराची कडी लागली. नळ सुरू झाला. पाढे सुरू झाले.

निमकी झाली. दिडकी झाली. औटकी लागली. पाच औटे साडेसतरा, सहा औटे एकवीस, सात औटे. थांबले. पुन्हा, सात औटे. मग बराच वेळ काही नाही. मग एकदम सुरुवातीपासून, एक औट, आणि पुढे काहीच नाही.

मला ते कळलं. शपथेवर सांगतो, मला तत्क्षणी कळलं की पाढे थांबलेत. मनात आलं, बाबा गप्प झाले. आणि शिकवल्याप्रमाणे मी त्या विचाराकडे नुसतं बघितलं आणि त्याला जाऊ दिलं. चहाचा घोट घेतला. आल्याची चव चांगली लागत होती.

स्वयंपाकघरातून बायको आली. हाताला कणीक. तिने भुवयांनी दाराकडे खूण केली. मी तळहात दाखवला. मध्ये बोलायचं नाही. ती परत गेली नाही. तशीच दाराला कान लावल्यासारखी उभी राहिली. पाणी पडतच होतं.

"अहो," ती म्हणाली, "पाणी अंगावर पडत नाहीये."

मौनाच्या तासात बायकोने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. ते ऐकलं आणि मलाही ऐकू आलं. माणूस आंघोळ करतो तेव्हा पाण्याचा आवाज तुटत असतो. तांब्या येतो, खांदा येतो, हात येतो. हे पाणी सलग होतं. नळातून निघून सरळ फरशीवर.

"बाबा," तिने दार बडवलं. "बाबा, कडी काढा."

मी उठलो तर खोली फिरली. दाराला खांदा दिला आणि चेंडूसारखा परत आलो. सिनेमात दार पहिल्या धक्क्यात पडतं, कारण तिथल्या माणसाने आधी विषारी हवेत ध्यान केलेलं नसतं. बायकोने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि कडी होती तिथे दार ठेचायला सुरुवात केली. मुलगी रजईतून धावत आली आणि तिघांच्या धक्क्याने दार आत गेलं.

बाबा स्टुलावरून घसरून भिंतीला टेकले होते. चेहरा चांगला लालसर, टवटवीत. पहिल्या क्षणी मला वाटलं झोप लागलीय. वर निळी फुलं शांतपणे जळत होती. वाफेत त्या ज्योतींभोवती धुरकट कडं दिसत होतं. आणि मग कुठून तरी आतून, फोनच्या पडद्यामागून, घरमालकीणबाईंचं ते वाक्य वर आलं.

मी काय केलं? मी स्टूल ओढलं, वर चढलो आणि टेप सोलायला लागलो. टेप निघेना. नखाखाली थर्माकोलचे दाणे भरले, पण कोपरे हलेनात. फार चांगलं काम झालं होतं.

"खिडकी सोडा," बायको किंचाळली. "माणसाला धरा."

हेच ते. एवढ्या वेळातसुद्धा मी चुकीच्या वस्तूकडे संपूर्ण लक्ष देऊन उभा होतो. लक्ष वाढलं की ते आपसूक योग्य जागी जातं असं मला वाटायचं. तसं नसतं. ते लाडावलेल्या मांजरासारखं जिथे ऊब असेल तिथे जाऊन बसतं.

तिने गीझर बंद केला, मी काखेत हात घातले, आणि आम्ही त्यांना ओढत बाल्कनीत नेलं. रजई गुंडाळली. बाहेरची जी हवा मी इतके दिवस घरात येऊ दिली नव्हती तिच्यात त्यांचं तोंड धरलं. ते श्वास घेत होते. प्रत्येक श्वासाला घोरल्यासारखा आवाज, आणि दोन श्वासांच्या मध्ये इतकी लांब जागा की दर वेळी वाटायचं, हा शेवटचा. मुलगी फोनसाठी पोळ्यांच्या डब्याशी झटत होती. झाकण घट्ट बसलं होतं. "पापा, खुल नहीं रहा," ती रडत म्हणत होती, "खुल ही नहीं रहा।" शेवटी तिने डबा फरशीवर आपटला.

दाराच्या आवाजाने घरमालकीणबाई वर आल्या. त्यांनी मोडलेलं दार पाहिलं. वर रोशनदानाकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या खाली गाडीची किल्ली आणायला गेल्या, आणि त्या धुक्यात, दिवे लावून, हॉर्नवर हात ठेवून, त्यांनीच आम्हाला हॉस्पिटलात नेलं. वाटेत मी सारखा बाबांच्या छातीकडे बघत होतो. इतकं बारीक लक्ष मी त्यांच्याकडे शेवटचं कधी दिलं होतं, आठवेना.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आंघोळ करताना झालं म्हणताच त्यांनी विचारलं, "गीज़र गैस का है?" आणि मी मान डोलावल्यावर, "उसमें और कौन नहाता है?"

"मी," मी मराठीतच म्हणालो.

त्यांनी माझंही रक्त घेतलं. थोड्या वेळाने माझ्याही तोंडावर मास्क चढला. बाबा आणि मी शेजारशेजारच्या खाटांवर ऑक्सिजन ओढत पडलो. माझ्या डोक्यातली भाजी मंडई हळूहळू उघडायला लागली, एकेक गाळा, एकेक आवाज, आणि मला कळलं की माझी ती शांतता, ते ध्यान, ते शुभ संकेत नेमके काय होते. त्या गोंगाटाचा मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. पलीकडे बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

दुपार उलटून गेल्यावर त्यांनी ते उघडले. मास्कखालून काहीतरी म्हणाले. बायकोने कान नेला. "बंबाला धूर तरी दिसतो," असं म्हणत होते.

आम्ही दोघंही हसलो आणि मग बायको बाहेर जाऊन रडली.

घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. सकाळचा गोंधळ, उलटं बनियन, अडखळणं, सगळं बंद खोलीत गीझर जळताना साचणाऱ्या बिनवासाच्या विषारी वायूमुळे, कार्बन मोनॉक्साइडमुळे. आजार वगैरे काही नाही. मी मान डोलावली. पण त्या पुढे बोलत होत्या. या विषाची एक खोड असते. माणूस बरा होतो, हिंडतो फिरतो, आणि काही आठवड्यांनी कधी कधी डोकं पुन्हा ढळतं. सगळ्यांचं नाही. कोणाचं ढळेल ते आधी सांगता येत नाही. "बस, ध्यान रखिएगा," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी फोन न बघता ऐकलं.

गॅसचा गीझर गेला, विजेचा आला. रोशनदान घरमालकीणबाईंनी स्वतः माणूस बोलावून मोकळं करून घेतलं, माझ्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. बायकोने माझे नियम रद्द केले आणि आपला एकच लावला. या घरात कोणीही काहीही करत असो, दुसऱ्याने मध्ये बोलायचं.

आणि आम्ही बाबांकडे बघायला लागलो. चमचा उचलताना, चप्पल घालताना, वर्तमानपत्राची घडी करताना. चष्मा शोधत असले की आमच्या तिघांचे श्वास थांबायचे. एरवी चष्मा मीही दिवसातून कितीदा शोधतो. पण माझा हरवलेला चष्मा फक्त चष्मा होता. त्यांच्या प्रत्येक साध्या चुकीच्या मागे आता काहीतरी दबा धरून बसलेलं असायचं. एकदा ते मुलीला शेजारच्या शहराचं नाव विचारत होते, ते कानपूर, रोज कानावर पडणारं. त्यांनी मुद्दाम विचारलं की खरंच, ते कोणालाच कळलं नाही. "माझ्याकडं असं बघत जाऊ नका रे," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मालाकडं बघतं तसं."

थंडी ओसरली. बाबा पुन्हा फिरायला जाऊ लागले, एकटेच जाणार म्हणून हट्ट. मी थोडं अंतर ठेवून मागे मागे जायचो. झाडाआड लपायचो, चहाच्या टपरीशी पाठ करून उभा राहायचो. हेरगिरीत मी स्कूटर सांभाळण्याइतकाच हुशार. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम पार्कला दोन फेऱ्या जास्त मारून मला दमवत होते. तिसऱ्यांदा त्यांनी एका दुकानाच्या काचेत माझं प्रतिबिंब बघून कानटोपी सारखी केली.

असेच एकदा ते परतताना चौकात थांबले. आमच्या घराचा रस्ता डावीकडे. ते उजवीकडे बघत होते. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे, बराच वेळ. ई-रिक्षा त्यांना वळसा घालून जात होत्या. मी वाट पाहिली. ते माझी गंमत करत असणार, मी स्वतःला सांगितलं. मग ते सावकाश वळले आणि मी उभा होतो त्या झाडाकडे सरळ बघून त्यांनी हात केला. मी पुढे गेलो.

"कळलं होतं तुम्हाला," मी म्हणालो.

"कळायचं काय त्यात. तुझी सावली झाडापेक्षा रुंद आहे."

मी हसलो. ते हसले नाहीत. चौकाकडे तोंड करून, माझ्याकडे न बघता, त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"आता तू पुढं हो," ते म्हणाले.

चेष्टेत की खरंच, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला ते नको होतं. मी पुढे झालो, डावीकडे वळलो. मागे त्यांच्या चपलांचा फटफट आवाज येत होता. तो थांबत नाही ना, एवढंच ऐकत मी घरापर्यंत चालत आलो.